अंगावर काढलेलं

लुबेकच्या वाचनालयात दोन संगणक.
एकाचा शून्य दाबला जात नाही,
आणि माझं जन्मसाल एकोणीसशे साठ.
म्हणून दुसऱ्यावर बसलेल्या पोराच्या मागे
मी कोट न काढता उभी राहिले.
बाहेर फेब्रुवारी. धक्क्याच्या खांबांना बर्फाचे गुडघे.

त्याचा खेळ संपला, माझा सुरू झाला.
नाव : आर्डिथ.
यापूर्वी दुसऱ्या नावाने ओळखल्या जात होता का?
दोन नवऱ्यांची दोन आडनावं लिहिली.
पहिल्याचं स्पेलिंग आठवायला
खिडकीबाहेर बघावं लागलं.

तीन वर्षं झाली, उजव्या हाताची तीन बोटं
रात्री दोनला मला उठवतात.
खेकडे सोलून सोलून, असं डॉक्टर म्हणाला असता.
विचारलंच नाही मी.
नुसतं विचारायचेच तीनशे डॉलर.
बोटांना म्हटलं, थांबा. पासष्ट होऊ दे.
छातीतल्या त्या फडफडीलाही म्हटलं.
दाढेलाही म्हटलं होतं,
मग कळलं, दात सरकार शरीरात धरत नाही.

आमच्या किनाऱ्यावर सगळे असंच करतात.
दुखणं अंगावर काढतात.
काढतात म्हणायचं नुसतं,
काढत कुणीच नाही,
घालूनच फिरतात, कोपरं विरलेल्या स्वेटरसारखं.

मर्ल, माझा थोरला भाऊ,
बोटीवर खोकायचा आणि म्हणायचा, ऑक्टोबर येऊ दे.
दवाखान्यात जायला नवे बूट आणून ठेवले होते.
ऑगस्टात गेला. बूट घालूनच पुरला त्याला.
सप्टेंबरात टपालाने त्याचं कार्ड आलं,
लाल, पांढरं, निळं, साध्या कागदाचं.
वहिनीने ते फ्रिजवर लावलं,
भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी.
अजून आहे.

कामाच्या चाळीस तिमाह्या लागतात,
नाहीतर हप्ता भरा, आणि तो मला झेपणारा नाही.
खेकड्यांचे पैसे रोख, ओल्या हातात.
ब्लूबेरीचे रोख. नाताळच्या हारांचे रोख,
वर बोटांना चीक फुकट.
जे जगले ते कागदावर कुठेच नाही.

वाचनालयातल्या टोबायसने आतल्या खोलीतला फोन दिला.
पंचेचाळीस मिनिटं तेच ते संगीत,
मग एक बाई, आवाजावरून उबदार गावातली.
ती वाचायला लागली :
अठ्ठ्याहत्तर, दुसरी तिमाही. अठ्ठ्याहत्तर, तिसरी.
सार्डिनचा कारखाना!
अठराची होते. बोटांना पांढरी चिकटपट्टी,
हातात कात्री, माशांची डोकी उडवायची,
डब्यावर पैसे.
ती वर्षं वाचत गेली
आणि मला वास येत गेला.
कारखाना पाडला त्याला जमाना झाला,
त्याचे विटांचे तुकडे समुद्राने गोल करून टाकले,
पण तो कात्रीचा प्रत्येक कट कुणीतरी लिहून ठेवलाय.

एकेचाळीस, ती म्हणाली. एक जास्तच आहे तुमच्याकडे.

ती जास्तीची कुणाला देता येते का,
विचारणार होते.
एक तिमाही म्हणजे तीन महिने.
मर्लला दोन पुरले असते.
विचारलं नाही. तिच्या पडद्यावर
त्यासाठी चौकोन नसणार.

मग ती म्हणाली, तुमचा जन्म एक जूनचा,
म्हणजे विमा मेपासूनच.
माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं,
असा कायदा आहे.
असू दे. आयुष्यात पहिल्यांदा
कुठेतरी वेळेआधी पोचले.

परत खुर्चीवर आले. शेवटचं पान.
वरील सर्व माहिती खरी आहे.
सहीच्या जागी नुसतं बटण.
मी उजव्या हाताचं मधलं बोट टेकवलं.
दाबलं गेलं की नाही
बोटाला कळलं नाही.
पडद्याने सांगितलं.