डावं-उजवं

डलूथमध्ये उन्हाळा मोजून अकरा आठवड्यांचा,
त्यातले तीन सरोवरावरचा वारा खातो.
उरलेल्यात, दर गुरुवारी सकाळी सातला,
मार्लिस ओयाला माझ्या बॅकहँडला चेंडू टाकते.
वय एकाहत्तर, गुडघ्याला पट्टा,
शाळेत पोरं पळवून कमावलेला आवाज.

माझा बॅकहँड एका हाताचा.
साखर कारखान्याच्या कॉलनीत, शेणानं सारवलेल्या कोर्टावर
चीफ केमिस्ट मोहोळकरांनी घोटून घेतलेला:
खांदा वळव, समोरच्याला पाठ दिसू दे,
चेंडू पुढ्यात घे, मनगट लोखंड.
आणि डावा हात?
तो रॅकेटची मान धरून येतो थोडा,
वेशीपर्यंत पोचवायला आलेल्या माणसासारखा,
मग मागं फिरतो.

देखणा होता. अजूनही आहे.
पलीकडच्या कोर्टावरचे लोक खेळ थांबवून बघतात,
चेंडू जाळीत गेला की पुन्हा आपापल्या खेळाला लागतात.
कारण इथं सिमेंटवरून चेंडू उसळतो खांद्याच्याही वर,
आणि चोपन्नाव्या वर्षी एकटा उजवा
तिथं पोचतो तो विनंती अर्ज घेऊन.

"दुसरा हात लाव," मार्लिस जूनमध्ये म्हणाली.
मी म्हटलं, दोन हातांनी पोच कमी होते,
एक पाऊल जास्त धावावं लागतं,
पायाशी आलेल्याला कमरेतून वाकावं लागतं,
आणि दिसतं कसं, धुणं बडवल्यासारखं.
"धुणं निघतं ना स्वच्छ?"

पहिले दोन गुरुवार
माझ्या दोन हातांनी आपसातच दोन हात केले.
तिसऱ्या गुरुवारी तिनं उजवा काढायलाच लावला.
नुसत्या डाव्यानं मार, म्हणाली,
हा फटका डाव्याचाच असतो, उजवा फक्त सोबतीला.
मी मारला.
चेंडू तिच्या कानाजवळून गेला, कुंपणाच्या जाळीत रुतला.
विसातले सतरा आत.
ती चालत नेटपाशी आली, चष्मा कपाळावर.
"तू डावखुरी आहेस. तुला कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं की.
पाटीवर डाव्यानं काढलेला ग थुंकी लावून पुसताना.
तीर्थाला पुढं केलेल्या तळव्यावर चापट मारताना.
जेवताना एक चिंधी,
मनगटापासून परकराच्या नाडीपर्यंत.
सहाव्या वर्षी तो हात शहाणा झाला.
पुढं दारं धरली त्यानं, पिशव्या, छत्री.
मोहोळकरांनीही वेशीवरूनच परत पाठवला,
त्यांना काय ठाऊक.
मलाही कुठं होतं.

पूल वर उचलला गेला, लोखंडाची माती न्यायला
एक लांबलचक जहाज भोंगा देत आत आलं.
चिंधीला इंग्रजीत शब्द असेल,
मला तिथं सापडला नाही.
म्हटलं, "आणखी एक टोपली टाक."

आता ऑगस्ट. डावं-उजवं करत नाही मी.
उंच चेंडूला दोन्ही,
सर्व्हिस परतवायला दोन्ही.
कुणी कोपऱ्यात पळवलं की उजवा एकटाच सुटतो,
खालून कापतो, चेंडू जमिनीलगत घसरत जातो
मोहोळकरांनी मान डोलवावी असा.
तेव्हा डावा मागं जातो, अजूनही,
बोटं पसरून, सरोवराकडं.

पुढच्या गुरुवारी तुझी सर्व्हिस बघू, मार्लिस म्हणते.
कुठल्या हातानं, ते सांगत नाही.