टीचभर

हमरानियाच्या शेतात फूटपट्टी एकच होती, पोलादी.
अकरा वाजता हातात धरवत नसे.
आता ती पंपाच्या खोलीचं दार लावून धरते
आणि आम्ही बोटांनी मोजतो.

घेवडा नोव्हेंबरात पेरायचा,
सकाळी डोंगर कुंपणापर्यंत आल्यासारखे दिसतात तेव्हा.
तीन वाफे, तीन हात.
शफीकुलचा हात भातलावणीत वाढलेला,
मोकळी माती त्याला बघवत नाही:
दोन दाण्यांत चार बोटं, तीही मिटलेली.
गुल जमानची एक वीत,
जिच्यात माझी वीत मावून दोन बोटं उरतात.
माझी टीच, अंगठा ते तर्जनी.
दापोलीच्या वर्गात तिला पंधरा सेंटीमीटर म्हणत.

विसाव्या दिवशी शफीकुलचा वाफा सगळ्यांत हिरवा.
अर्बाबनं गाडीची काच अर्धी खाली केली,
माशाल्ला म्हटलं, काच वर केली.
गुल जमानच्या वाफ्यात तेव्हा
टकलावर केस मोजावेत तशी रोपं.
मी शफीकुलला सांगितलं, एकाआड एक उपट.
तो उकिडवा बसला, एकाला हात लावला,
उठला.
मास्तर, उगवलेलं कसं काढू?
मी वहीत लिहिलं: विरळणी केली नाही.

मग उंची सुरू झाली.
शेजाऱ्याच्या डोक्यावरून ऊन गाठायला
सगळीच माना लांब करत निघाली,
पेरं लांबली, खोडं काडीएवढी,
खालची पानं पिवळी.
दोन्ही हातांनी मी पाला बाजूला केला तर आत
दमट, कोंदट, शेंगांवर करडी बुरशी.
शफीकुल वाकला, नाक आत घातलं,
म्हणाला, आपल्या खोलीचाच वास.
आठ खाटा, आठ ओले टॉवेल.
आम्ही हसलो. मग नाही हसलो.

गुल जमानची झाडं मात्र बुटकी, रुंद,
कोपर काढून बसलेली.
एका झाडाच्या एकतीस शेंगा त्यानं मला मोजून दाखवल्या,
बत्तिसावी शेजारच्या झाडाची निघाली.
शफीकुलच्या झाडाला नऊ.
मी म्हणणारच होतो की जागा द्यावी, झाड देतं,
पण जानेवारीत त्याच्याच वाफ्यात
पानांच्या कडा जळू लागल्या, सगळ्यांच्या नव्हे,
चौथं, पाचवं, मग नववं.

इथलं पाणी मचूळ.
ठिबकच्या भोकातून ते पडतं, गोल पसरतं,
पसरताना मीठ पुढे ढकलत नेतं
आणि ओल संपते तिथे ठेवून देतं.
मातीवर पांढरी कडी उमटते,
पितळी पेल्याखाली राहते तशी.
ऐसपैस जागा मिळालेली काही झाडं
नेमकी त्या कडीवर उभी होती.
वर्गातल्या आकृतीत माती सगळीकडे सारखीच रंगवलेली असे.

तोडा झाला. क्रेट मोजले.
शफीकुलचे अकरा, त्यातले तीन बुरशीनं फेकले.
गुल जमानचे नऊ, शेंगा सरळ, लठ्ठ.
माझे बारा.
गुल जमाननं पाठीवर थाप मारली,
पण त्यात माझं काही नव्हतं.
नळी बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यानं
दर तीस सेंटीमीटरला भोक पाडलं होतं,
म्हणजे माझ्या दोन टिचा.
माझं प्रत्येक रोप ओलीच्या आत पडलं,
हात दुसऱ्या मापाचा असता तर नसतं पडलं.

यंदा गुल जमान सुट्टीवर, पेशावरकडे.
शफीकुलनं खजुराची झावळी तासून
माझ्या टिचेएवढी काठी केली आहे,
दोन्ही टोकांना लाल दोरा.
तो पुढे सरकतो, काठी टेकतो, दाणा टाकतो.
आज तो नमाजाला गेला तेव्हा
मी ती काठी हातात घेऊन पाहिली.
एक बोट कमी आहे.
होती तिथे, होती तशी ठेवली.