चौथा गाळा

धुरंधरसाहेब सूचना पेन्सिलीने देतात,
लाइटबिलाच्या पाठीवर.
उरलेलं फोनवर, मागे कुणाचं तरी ग्राइंडर चालू असताना.
"मथळा दणकट हवा. ओरडता नको."
"नावं एकाखाली एक, पण सलग."
"मधे जरा हवा खेळू दे."

शिवडीच्या आमच्या इस्टेटचं वेबपान करायचं होतं,
छत्तीस गाळे, छत्तीस धंदे.
दणकटला मी चोवीस दिले. ओरडतंय वाटलं, बावीस केले.
सलगसाठी रेघा मारल्या, मग पुसल्या.
हवेसाठी दोन ओळींत बोटभर अंतर.
ते म्हणाले, "एवढी हवा? भाडं कोण भरणार?"

आणि समासात, तिरकं:
चौथा गाळा
पुढे पूर्णविराम नाही. क्रियापद असेल तर तेच.
मी वाचलं तसं केलं.
चौथी ओळ काढली. पाचवी वर सरकली
इतकी सहज, की जागेला कळलंही नाही.

मंगळवारी जिना चढून हसन खराडी आले,
चपलेला पितळेचा कीस, हातात नातवाचा फोन.
अंगठ्याने पान वर-खाली करत म्हणाले,
"ताई, तिसऱ्यानंतर डायरेक्ट पाचवा.
मी आहे ना अजून?"

धुरंधरांनी चष्मा लावून बिल उलटंसुलटं केलं.
"अक्षर माझंच आहे.
पण गाळायला सांगत होतो, की गाळ्याबद्दल काही…
तेवढ्यात टँकरवाला आला असेल."

ओळ परत घातली. नाव बसेपर्यंत
खराडी बघत उभे होते.
विचारलं, तुम्हाला असं अर्धवट कोणी सांगत नाही?
"रोज. ढिला नको, घट्ट नको, बस.
मग मी म्हणतो, ज्यात बसायचंय तो तुकडा आण.
कागदावर घट्ट कळत नाही."

आज नवं बिल आलंय. तीनशे दहा युनिट,
पाठीवर एकच ओळ:
"शेवट जरा उचला."
उचला म्हणजे ठळक करा, वर न्या,
की उचलून टाकाच?
शेवटी छत्तिसावा. मेणबत्त्या ओतणाऱ्या ऑडेटबाई,
तळमजला, पंपाशेजारी.

माउस सोडला.
बिल घडी करून ओढणीच्या टोकात,
आधी त्या आहेत का, बघून येते.