टोकन एकोणपन्नास

डॉक्टर म्हणाले, पेशी कमी आहेत, गर्दी टाळा.
आणि तपासणीला बोलावलं सोमवारी,
सोमवारी अर्धं नेरूळ इथे येऊन खोकतं.

खांबाआडची खुर्ची बघून आईला बसवलं.
तिचे हात पुसले, मग खुर्चीचे.
लिफ्टचं बटण स्कूटीच्या किल्लीने दाबलं होतं.
काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन नको म्हणून
पर्समधलं काढलं आणि लिहिलं:
कुमुदिनी तांडेल, एकाहत्तर, दिवाळे गाव.

समोर एक पोर बाकाची कड चाटत होतं.
मी त्याच्या आईकडे असं काही पाहिलं
की तिने त्याला ओढून मांडीवर घेतलं.

आई म्हणाली, खाडीत मांडीभर चिखलात
निवट्या धरायचो, तेव्हा कुठे होती गं
ही तुझी बाटली?
मी म्हटलं, मास्क नाकावर घे.

आणि मलाच शिंक आली.
दुसरी कोपरात दाबली, तरी ऐकू गेली.

पोराच्या आईने वर पाहिलं.
माझ्या आईने नाही पाहिलं.
ती हळूच एक खुर्ची पलीकडे सरकली
आणि मधल्या खुर्चीवर
आपली फाईल ठेवली, नीट, आडवी.

भिंतीवरचा लाल आकडा: बावीस.