सातव्या मजल्यावरची ग्वास्का

सकाळी सहाला बोगोता धुक्यात असतं.
डोंगर नाहीत, समोरची बँक नाही.
एदिल्मा गच्चीच्या कठड्यावर बसते,
कमरेचा आकडा दोनदा ओढून बघते
आणि पाठमोरी शेतात उतरते.

शेतच म्हणायचं. फक्त कुणीतरी उभं करून ठेवलेलं.
जाड कापडाला शिवलेले कप्पे,
कप्प्यात नारळाचा भुसा, नळीतून थेंब थेंब खत.
माती नाही. मातीचं वजन
इमारतीला पेलवणार नाही, असं इंजिनियर म्हणतात.

आईला पेलायचं.
उइलातला तो उतार, बकरीही विचार करून पाय टाकायची,
तिथे आई खोडाला दोर बांधून कॉफी तोडायची
आणि पावसात खाली वाहून आलेली माती
घमेल्यानं पुन्हा वर नेऊन टाकायची.
तो उतार कसा सुटला, कोणत्या रात्री,
हे एदिल्मा सांगत नाही. विचारलंत तर
हार्नेसचे पट्टे आवळते.

यादीत बावीस झाडं आहेत.
नेचे, बेगोनिया, एक जांभळ्या पानांचं, ज्याचं नाव
कंपनीतही कुणाला धड घेता येत नाही.
तेविसावं दिसलं की उपटायचं.

आणि सातव्या मजल्यावर ग्वास्का उगवली आहे.
वाऱ्यानं आणली, पाखरानं,
की तिच्याच बुटाच्या खाचेतून आली.
नखाएवढं पांढरं फूल, पाच पाकळ्या, त्याही कातरलेल्या.
रस्त्याकडेला असती तर कुत्रंही हुंगलं नसतं,
पण ही नसेल तर अहियाको म्हणजे
नुसतं बटाट्याचं गरम पाणी.

काचेमागे सेन्योरा ओतिलिया, अंगात लोकरीचा झगा.
तिची खिडकी चार बोटंच उघडते,
नव्वदीतल्या माणसांनी वाकू नये म्हणून.
त्या फटीतून एक हात बाहेर येतो, उताणा.
पाऊस आहे का बघणारा हात नव्हे हा;
एदिल्माला असे हात कळतात.
पाणीकपातीत खालचे पाच मजले तपकिरी पडले,
तेव्हा याच हातानं कपात उरलेलं
गुळाचं पाणी ग्वास्काला घातलं होतं.

खालून येसिद ओरडतो, छत्री सावरत:
सातव्यावर एवढा वेळ काय चाललंय?

कात्री खिशातच राहते.
एदिल्मा बोटांनी शेंडे खुडते, मूठभर,
बुंध्याला धक्का लागू देत नाही.

"तण काढतेय," ती वरून सांगते,
आणि मूठ खिडकीत रिकामी करते.