आवाज अडवण्याचं काम

मे महिन्यात अजमानच्या गोदीत
दुपारी शिडीचं लोखंड चावतं,
म्हणून आम्ही पहाटे चारलाच खाली उतरतो,
मी आणि परकारचाचा,
इंजिनखोलीत, उकिडवे, कपाळाला दिवा बांधून.

आधी पुसून काढायचं. डिझेलचा ओशट थर राहिला
तर गोंद धरत नाही.
चाचा भिंतीवरून चिंधी फिरवतात, मग हुंगतात,
दुधाचं भांडं हुंगावं तशी.

मग पुठ्ठ्याचे साचे,
प्रत्येक नळीला वळसा, प्रत्येक बोल्टला भोक.
फोमच्या दोन थरांत एक जड काळी पट्टी,
ती आली की आवाज खाली बसतो,
वर्गात पाटणकर मास्तर आल्यासारखा.
काचेची लोकर मात्र अंगात शिरते,
खोबरेल चोळूनही मान रात्रभर जागी.

बोटीचा मालक दातांचा डॉक्टर, बैरूतचा.
म्हणाला, दिवसभर ड्रिल ऐकतो,
समुद्रात तरी मला काही ऐकायचं नाही.

बाबांच्या होडीला एकच सिलिंडर होता.
हर्णैच्या खडकाला वळसा घालायच्या आधीच
त्याची टकटक घरी पोचायची
आणि आई आधण ठेवायची.
तोच आवाज चाळीस वर्षं त्यांच्या कानांत राहायला होता,
जाताना कान घेऊन गेला.
फोनवर मी सांगतो, पगार वाढला.
ते ओरडतात, वादळ? कुठे?

शेवटची चादर ठोकताना चाचांनी हात धरला.
ही फट सोड.
हवा लागते त्याला. सगळंच बुजवलंस
तर गुदमरेल.

संध्याकाळी चालू करून पाहिलं.
डॉक्टर वर सोफ्यावर, कॉफीचा कप हलेना,
विचारतो, कधी सुरू करताय?
चाचा नुसते हसले. मी धक्क्यावर उतरलो,
फटीच्या जाळीशी फोन धरला
आणि घरी लावला.

आई बराच वेळ गप्प होती.
मागून बाबा, वादळातल्यासारखे: कोण आहे? कोण आहे?
जाळीतून गरम हवा मनगटावर येत होती,
तिला गोंदाचा वास.

आपली नाय ही, आई म्हणाली.
मोठी आहे कुणाचीतरी.
मग म्हणाली, जेवलास?