दुसरा खर्डा

गंज पेठेतल्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये
शनिवारी साडेसहाला जमतो आम्ही, सात जण,
रेक्झिनच्या टोप्या घातलेल्या मशिनींच्या मधे.
नियम एकच:
ज्याचं लिखाण, त्यानं तोंड उघडायचं नाही.

या खेपेला पान माझं.
मार्केट यार्ड, पहाटे चार, फुलांचा बाजार.
सहा रात्री घालवल्या होत्या त्यावर.
झेंडूच्या राशी जणू पेटलेले निखारे,
धुक्याची दुलई ओढून निजलेले ट्रक,
सुगंधानं भारलेला आसमंत...
वाचताना माझाच आवाज मला जड लागला,
उसन्या शालूसारखा.

कुंदा रणपिसे म्हणाल्या, स्पष्ट सांगते, निखारे काढ.
अगं, निखाऱ्यात हात घालून हार कोण ओवेल?
शबनम तांबोळीनं 'आसमंत'भोवती गोल काढला,
मग त्या गोलाला डोळे, मग नाक.
ओव्हाळकाका बराच वेळ बोललेच नाहीत.
तीस वर्षं हमाली केलेला माणूस.
चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले,
आणि मग:
सुगंध नसतो तिथं, पोरी.
ओल्या गोणपाटाचा वास असतो. डिझेलचा.
कालच्या न खपलेल्या मालाचा.
फुलाचा वास यायचा तर फूल एकटं लागतं.

मी वहीत लिहून घेतलं.

त्यांनी पान उलटं करून पाहिलं,
मागे काही राहिलंय का, अशा नजरेनं.
सगळं दिसतंय, म्हणाले,
पण बघतंय कोण?
चार वाजता तुला तिथं नेलं कुणी?

रिक्षा केली नाही. चालत निघाले.
सेव्हन लव्हज चौकात सिग्नल दोनदा सुटला
आणि मी उभीच.

बाबा तोलार होते.
त्या दिवशी मला ठेवायला घरी कुणी नव्हतं,
आणि यार्डात खाली चिखल,
म्हणून त्यांनी मला तराजूच्या पारड्यात बसवलं
आणि समोरच्या पारड्यात शेवंती ओतत राहिले,
ओतत राहिले,
मी जमिनीवरून उचलली जाईपर्यंत.
साडेअठरा!
ओरडले, रोज ओरडायचे त्याच आवाजात.
कानावरची पेन्सिल काढून
पावतीपुस्तकात नोंदही केली.
हमाल हसले. मी नाही हसले.
काटा हलेल अशी भीती होती.

पुढच्या शनिवारी नऊ ओळी नेल्या.
एकही 'जणू' नाही.
शबनमनं पेन उघडलं, तसंच बंद केलं.
कुंदाताई खिडकी लावायला उठल्या, उगाच.
ओव्हाळकाकांनी दोनदा वाचलं
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:
पेन्सिल राहू दे.
शेवंती पांढरी की पिवळी?

पावतीपुस्तकं केव्हाच रद्दीत गेली.
आणि रंगाचा रकाना तसाही
त्यात नव्हता.